सहज केलेला फोन

"काका, तुमचे तीन महिने झाले ना? संडेला मी टीमशी बोलतो. मंडेला सांगतो काय ते," असं म्हणून अभिनवने ती पांढरी बोंडं पुन्हा कानात खुपसली आणि तो खुर्चीसकट वळला. अभिनव हा हरिश्चंद्र सामंतांचा साहेब. वय अठ्ठावीस. सामंतांचं अठ्ठावन्न. साहेबाला हाक कशी मारायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला होता. सामंतांनी "अभिनवसाहेब" म्हणून पाहिलं, तर सगळं ऑफिस इतकं हसलं की पुढे त्यांनी त्याला हाक मारणंच सोडून दिलं. काम असलं की ते त्याच्या टेबलापाशी जाऊन खाकरत.

सगळं ऑफिस म्हणजे तरी किती, तर शांती नगरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. लोकांनी मोबाइलवरून सुके बोंबील, जवळा, सोडे मागवायचे आणि यांनी ते घरपोच करायचे, असा अभिनवचा धंदा. मासळी उत्तनहून यायची. मेल्रॉय तिकडचाच, त्याची मावशी ती वाळवून द्यायची. ऑर्डरी आणि जाहिराती इशिता बघायची. इशिता आणि मेल्रॉय यांची वयं एकत्र केली तरी बेरीज सामंतांपर्यंत पोचत नव्हती. सामंतांकडे गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या. त्यांच्या टेबलावर 'कस्टमर हॅपिनेस' अशी पाटी होती आणि ती ते पाहुणे आले की उलटी करून ठेवायचे.

आता या वयात नोकरी कशाला, असं कोणी विचारेल. असं विचारणारा माणूस अजून रिटायर झालेला नसतो. सामंतांची फोर्टातली कंपनी बंद पडल्यावर ते आठ महिने घरी होते. तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे उर्मिलाबाईंना मीठ सापडेना. लादी कशी पुसावी हे त्यांनी कामवाल्या बाईला समजावून सांगितलं, त्यामुळे बाई सापडेना. शेवटी उर्मिलाबाई हात जोडून म्हणाल्या, "अहो, तुम्ही कुठेतरी जा. कुठेही. संध्याकाळी या." तेव्हा कुठे ही बोंबलाची नोकरी मिळाली. तीही तीन महिने बघू आणि मग ठरवू या बोलीवर.

गंमत अशी की सामंतांना ती आवडायला लागली होती. ही पोरं दुपारी एकाच डब्यात सगळे हात घालून जेवत. चहा आला की मेल्रॉय हाक मारी, "काका, चल." अरे-तुरे करी, आणि सामंतांना ते चक्क गोड वाटे. सकाळी शर्टाला इस्त्री करताना ते शीळ घालायला लागले होते. पण हे पोरांना कळावं असं एकही कृत्य त्यांच्या हातून झालं नव्हतं. रोज सकाळी ते ऑफिसच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलाखाली सुविचार टाकत. इशिताने गिऱ्हाइकाला लिहिलेल्या मेसेजमध्ये काना-मात्रा सुधारत. आणि कोणी काहीही बोललं, अगदी पंखा वाढव म्हटलं, तरी "आमच्या फोर्टच्या ऑफिसात एकदा काय झालं," असं सुरू करत. शुक्रवारीच इशिता म्हणाली होती, "काका, प्लीज. प्रत्येक गोष्टीवर गोष्ट नको ना." सामंत "बरोबर आहे" म्हणाले आणि मग फोर्टातल्या अशाच एका फटकळ मुलीची गोष्ट त्यांनी सांगितली.

"मग ते तुम्हाला ठेवतील असं वाटतंय का तुम्हाला?" रविवारी सकाळी उर्मिलाबाईंनी विचारलं. त्या भाईंदर पूर्वेला बहिणीकडे निघाल्या होत्या.

"का नाही ठेवणार? माझं ड्राफ्टिंग..."

"ड्राफ्टिंग राहू दे. त्या मुलांशी जरा माणसासारखं बोला. विचारपूस करा. तुम्ही नुसत्या सूचना देता. आणि हो, फरसाणवाल्याकडे जाऊ नका. जिलबी खाल्लीत तर मला कळतं."

दार लागलं आणि सामंतांना एकदम पटलं. विचारपूस. रविवारी सकाळी माणसाने माणसाला फोन करावा, "काय विशेष?" म्हणावं, समोरच्याने "काही नाही, तुमचं काय?" म्हणावं, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून ठेवून द्यावा. आपण सगळ्यांनी जन्मभर हेच तर केलं. यात अभिनव आज टीमशी बोलणार आहे आणि त्याआधी आपण टीमशी बोललेलं बरं, असाही एक हिशोब होता, पण तो सामंतांनी स्वतःलासुद्धा नीट सांगितला नाही. निवडणुकीतला उमेदवार निदान हात तरी उघड जोडतो.

त्यांनी आधी इशिताला फोन लावला. पूर्ण वाजला, उचलला नाही. आंघोळीला गेली असेल म्हणून थोड्या वेळाने पुन्हा लावला. मग केस पुसत असेल म्हणून आणखी एकदा. मेल्रॉयला लावला, त्याने कट केला. चुकून बोट लागलं असेल म्हणून परत लावला, तोही कट केला. आता राहिला साहेब. साहेबाला लावावा की नाही यावर त्यांनी चहाचा एक कप घालवला आणि लावला. तोही उचलला गेला नाही.

सामंत फोनकडे बघत बसले. मग त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. तिघं या घटकेला कुठेतरी कॉफी पीत एकत्र बसलेत. मीटिंग चालू आहे. विषय, काका. इशिता म्हणतेय, "बघा, परत फोन आला." मेल्रॉय म्हणतोय, "उचलू नको. उचललास तर फोर्टात जाशील." आणि अभिनव मान हलवतोय. सामंतांना या पोरांचा राग आला, मग स्वतःचा आला, मग पुन्हा पोरांचा आला, कारण तो सोयीचा होता.

"काढून टाकण्याआधी आपणच निघावं," ते रिकाम्या हॉलला म्हणाले. "माणसाला काही मान आहे की नाही?"

आणि त्यांनी राजीनामा लिहायला घेतला. तीस वर्षं पत्रव्यवहार खात्यात काढलेला माणूस, हात शिवशिवत होतेच. 'सप्रेम नमस्कार' पासून सुरुवात झाली. 'ज्या संस्थेच्या उभारणीत माझा खारीचा वाटा आहे, त्या संस्थेचा निरोप घेताना माझ्या मनात कोणाविषयीही तिळमात्र राग नाही,' असं एक वाक्य पडलं. पुढचे दोन परिच्छेद तो नसलेला राग कोणाकोणाविषयी नाही याचे होते. 'रविवारी आलेला वडीलधाऱ्याचा फोन न उचलणे यास हल्ली काय म्हणतात मला ठाऊक नाही, आमच्या वेळी त्यास शब्दच नव्हता, कारण तशी वेळच येत नसे' हे वाक्य त्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं. डोळे पाणावले. शेवटी 'आपला विश्वासू' लिहून त्यांनी तो ग्रुपवर पाठवून दिला.

मेसेजच्या कोपऱ्यात घड्याळाचं बारीकसं चित्र उमटलं. वेळेवर पोचणार, असा सामंतांनी त्याचा अर्थ घेतला. वास्तविक त्यांच्या मोबाइलचं नेट बंद होतं. सामंत नेट गीझरसारखं वापरायचे, काम असलं की लावायचं आणि लगेच बंद करायचं, नाहीतर बॅटरी उतरते. सकाळचा सुविचार टाकून झाल्यावर त्यांनी ते नेहमीप्रमाणे बंद केलं होतं. साधे फोन जात-येत होते, बाकी काही नाही. ही तर आपल्यातल्या निम्म्या लोकांची सवय आहे, तेव्हा फार हसण्यात अर्थ नाही.

मोबाइल त्यांनी मुद्दाम टेबलावर ठेवला. आता फोन आले तर येऊ देत, वाजू देत, कळू दे त्यांना न उचलणं म्हणजे काय असतं ते. मग पायांत चपला सरकवून, लॅच ओढून, ते खाली उतरले आणि सरळ फरसाणवाल्याकडे गेले. दुःखात माणसाला पथ्य नसतं, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं. फाफडा-जिलबी खाल्ली. मग आणखी थोडी जिलबी खाल्ली. मग बागेतल्या बाकावर बसून त्यांनी उरलेलं आयुष्य कसं काढायचं याचा विचार केला. डब्यांच्या पलीकडे काही सुचेना. पुन्हा घरी बसायचं, या कल्पनेने ते उठले आणि त्यांनी वाटेत जिलबीचा एक पुडा बांधून घेतला.

परत आले तेव्हा बिल्डिंगच्या जिन्यात गर्दी. तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसं उभी. सामंत मागून चढत एका बनियनवाल्याला म्हणाले, "क्या हुआ भाई?"

"अंदर एक अंकल गिर गये हैं. दरवाजा नहीं खोल रहे."

"अरेरे," सामंत म्हणाले. "अकेले थे क्या?"

"वाइफ बाहर गयी है. बच्चों को बार-बार फोन किया बेचारे ने, किसी ने उठाया नहीं."

"आजकल के बच्चे," असं म्हणून सामंत टाचा उंच करून बघायला लागले, आणि तेव्हा त्यांना कळलं की सगळे ज्या दारासमोर उभे आहेत त्यावर 'ह. ग. सामंत' अशी पाटी आहे. दाराला सोसायटीचे सेक्रेटरी चंदनभाई कान लावून उभे होते. शेजारी हातोडी-छिन्नी घेतलेला सुतार. आणि त्यांच्या बाजूला अभिनव, मेल्रॉय आणि इशिता. इशिता नाइट पँटवरच आली होती.

"मैं फिर लगाती हूँ," इशिता म्हणाली. तिने फोन लावला. आत सामंतांच्या मोबाइलची रिंग वाजली, वाजत राहिली, थांबली.

"देखा? फोन अंदर है, आदमी अंदर है," चंदनभाई म्हणाले. "मेसेज देखे क्या उन्होंने?"

"एकच टिक आहे. सकाळपासून एकच टिक." इशिताचं नाक लाल झालं होतं. "मी झोपले होते. उठून बघते तर तीन मिस्ड कॉल. कोणी उगाच तीन वेळा फोन करतं का? आमच्या घरी एवढे फोन आजी गेली तेव्हा आले होते."

"मी चर्चमधी होतो," मेल्रॉय म्हणाला. "दोनदा कट केला. काका मदतीसाठी हाका मारीत होता नि मी कट केला."

सामंतांनी खरं तर त्याच क्षणी ओरडायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण हातात जिलबीचा पुडा होता, उर्मिलाबाईंना कळवलं असणार हे उघड होतं, आणि शिवाय, खोटं कशाला बोला, आपल्याबद्दल कोणी इतक्या काळजीने बोलतंय हे त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. आणखी एकच वाक्य ऐकू, असं त्यांना वाटलं.

"शुक्रवारी मी त्यांना तोडून बोलले," इशिता म्हणाली. "गोष्ट नको म्हणाले. आता बरे झाले ना, तर मी रोज दोन ऐकेन."

"रोज दोन?" अभिनवने विचारलं.

"बरं, एक."

तेवढ्यात चंदनभाईंनी मान हलवली आणि सुताराने छिन्नीवर हातोडी घातली. "अहो, चावी आहे, चावी आहे माझ्याकडे," असं म्हणत सामंत पुढे घुसले. पण बनियनवाल्याने त्यांना "अंकल, पीछे" म्हणून दंडाला धरलं. लॅचच्या जागी भोक पडलं, फळी उभी चिरली आणि दार आत जाऊन भिंतीवर आपटलं. सगळे आत धावले. त्यांच्यामागून सामंतही धावले, कारण आता दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"आत कोण न्हाय," मेल्रॉय बेडरूममधून म्हणाला. मग वळला. "काका तर इथं हाय."

पुढची काही मिनिटं फार वाईट होती. चंदनभाईंनी "सामंतजी, ये क्या तरीका है?" एवढंच विचारलं आणि सुताराला घेऊन ते निघून गेले. मग उर्मिलाबाई आल्या. रिक्षात रडून त्यांचा चेहरा सुजला होता. त्यांनी दार पाहिलं, नवरा पाहिला, नवऱ्याच्या हातातला पुडा पाहिला.

"जिलबी," त्या म्हणाल्या.

"थोडीच."

उर्मिलाबाई पदराने तोंड पुसून स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून पोह्यांचा डबा आपटल्याचा आवाज आला. पोरं सोफ्यावर ओळीने बसली. सामंत समोर स्टुलावर, आरोपीसारखे.

"पण काका," अभिनवने विचारलं, "फोन कशाला केला होता?"

"सहज."

"सहज म्हणजे?"

"सहज म्हणजे... विचारपूस. काय चाललंय, बरे आहात ना."

"ते मेसेजवर विचारतात ना," इशिता म्हणाली. "फोन वाजला की माझ्या छातीत धडधडतं. फोन म्हणजे काहीतरी झालंय."

"आमच्यात काही झालेलं नसलं की करतात," सामंत म्हणाले. "आणि तुम्ही उचलला नाहीत, तर मला वाटलं, मला काढायचं ठरलंय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काढायचं?" अभिनव म्हणाला. "काका, ते तर परवाच ठरलं. तुम्ही राहताय. मला फक्त तुमची वेळ थोडी बदलायची होती, म्हणून संडेला बोलणार होतो."

सामंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आत पोह्यांना फोडणी पडली. त्यांना वाटलं, आपण उगाच जिलबी खाल्ली, भूक ठेवायला हवी होती. मेल्रॉयने मोडक्या दारात त्यांना उभं करून फोटो काढला. "ग्रुपवर टाकलाय काका, बघ."

"अहो, नेट लावा आणि बघा," उर्मिलाबाई आतून म्हणाल्या. "मलाही दाखवा. सुताराला फोटो द्यायला लागेल."

सामंतांनी आनंदाने नेट लावलं. मोबाइल थरथरला, पोरांचे सकाळपासूनचे मेसेज धबाधब येऊन पडले, 'काका ओके ना?', 'काका रिप्लाय', 'काका प्लीज'. ते बघून त्यांना भरून आलं. आणि मग सोफ्यावरचे तीन फोन एकदम वाजले.

तिघांनी खाली पाहिलं. सामंतांनीही पाहिलं. 'सप्रेम नमस्कार'च्या कोपऱ्यातलं घड्याळ गेलं होतं आणि तिथे दोन टिका होत्या. "बघू नका," असं काहीसं सामंत पुटपुटले, पण कोणाचं लक्ष नव्हतं. मेल्रॉयने अंगठ्याने मेसेज वर सरकवला, आणखी सरकवला, आणखी सरकवला, आणि दमून थांबला. "भारी काका," तो म्हणाला. त्याने त्यावर एक लाल बदाम टाकला. अभिनवनेही टाकला. इशिताने जरा वेळाने टाकला. पोहे आले, आणि तिघं दाण्यांवरून भांडायला लागले.

वाचलाच नव्हता. सामंतांचा जीव भांड्यात पडला. तिकडे गॅलरीत जाऊन त्यांनी देवाला हात जोडले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक वेगळीच टोचणी लागली. मेल्यांनी वाचला नाही? तो 'शब्दच नव्हता'वाला भागसुद्धा? तीस वर्षांत असा मसुदा उतरला नव्हता, आणि त्याला मिळालं काय, तर बदाम.

सोमवारी शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. सामंत अकरापर्यंत बसले. मग त्यांनी चहाच्या वेळी मेल्रॉयला विचारलं, "कालचा माझा मेसेज कसा वाटला?"

"भारी ना काका."

"कुठला भाग?"

मेल्रॉय बिस्किट चहात बुडवून बराच वेळ विचार करत राहिला. बिस्किट पडलं. "सगळाच," तो म्हणाला. अभिनवकडे गेले तर तो म्हणाला, "काका, मस्त. एकदम इमोशनल." आणि पुन्हा बोंडं कानात घातली.

सामंत इशिताच्या टेबलापाशी जाऊन खाकरले.

"मी वाचला," इशिता मान वर न करता म्हणाली. "पूर्ण."

सामंतांनी शेजारची खुर्ची ओढली आणि सावकाश बसले.

"आमचं ठरलेलं आहे," ती म्हणाली. "लांब मेसेज आला की एकानेच वाचायचा आणि बाकीच्यांना एका ओळीत सांगायचं. तुमचे सगळे मी वाचते. त्या दोघांचं मराठी स्लो आहे."

"म्हणजे तो राजीनामा आहे हे..."

"हो. पोहे खाताना वाचला मी, आणि तिथूनच त्यांना एका ओळीत पाठवला."

"काय पाठवलंस?"

इशिताने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. सामंतांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. तिघांचा एक वेगळा ग्रुप होता, त्यात त्यांचा सबंध राजीनामा, सप्रेम नमस्कारापासून आपला विश्वासूपर्यंत, एवढाच शिल्लक होता: 'काका रुसलेत. त्यांना जायचं नाहीये.'

सामंतांनी ते वाचलं. सवयीने खिशातलं पेन काढलं. काय सुधारावं ते शोधत त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग ते दोनदा खाकरले.

"रुसणं लहान मुलांचं असतं," ते म्हणाले. "मोठी माणसं नाराज होतात. ते जरा बदल."

"हो काका," इशिता म्हणाली, आणि मोबाइल तसाच खिशात टाकून तिने स्वतःच्या चहातला अर्धा त्यांच्या कपात ओतला.